सेवा-व्यापार वाटाघाटी : विकसनशील देशांच्या अडचणी

बँकिंग, विमा, दूरसंचार, शिक्षण, आरोग्य, अभियांत्रिकी सल्ला अशा सेवांची देशादेशांतील देवघेव कोणत्या अटींवर व्हावी, हे ठरवण्यासाठी होणारी बोलणी. मालाच्या व्यापारातला अडथळा बहुधा आयातशुल्काच्या रूपाने बंदरावर दिसतो आणि आकड्यात सांगता येतो. सेवांचा अडथळा देशातल्या कायद्यांत दडलेला असतो: परवाना कोणाला मिळतो, परकी भांडवल किती टक्के चालते, कोणती पदवी ग्राह्य धरतात, व्हिसा किती दिवसांचा. त्यामुळे इथे प्रत्येक देश स्वतःच्या नियम करण्याच्या अधिकारावरच सौदा करत असतो. ज्याची नियमव्यवस्था अजून घडते आहे, त्याला हे सर्वांत जड जाते.

जागतिक व्यापार संघटनेचा सेवा-व्यापारविषयक करार ‘गॅट्स’ १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. तो सेवा पुरवण्याच्या चार पद्धती मानतो. बडोद्यातून पाहिल्या तर त्या चटकन कळतात. इथल्या कचेरीत काढलेली तेलशुद्धीकरण कारखान्याची आरेखने परदेशी पाठवणे ही पहिली. परदेशी विद्यार्थ्याने सयाजीराव विद्यापीठात येऊन ललितकला शिकणे ही दुसरी. सयाजीरावांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये निघालेल्या बँक ऑफ बडोदाने १९५३ मध्ये मोंबासाला शाखा उघडली, ती तिसरी, म्हणजे परदेशात व्यावसायिक बस्तान. चौथीत माणूस स्वतः जातो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरांत आखातात साइटवर राहून आलेला अभियंता नवलाचा नाही.

विकसित देशांचा भर तिसऱ्या पद्धतीवर, म्हणजे त्यांच्या बँका, विमा आणि दूरसंचार कंपन्यांना दार उघडण्यावर असतो. विकसनशील देशांची ताकद मुख्यतः चौथीत आणि आता पहिलीत आहे. १९८६ मध्ये उरुग्वे फेरी, म्हणजे ज्यातून पुढे जागतिक व्यापार संघटना निघाली ती व्यापार-बोलणी, सुरू होताना भारत आणि ब्राझील यांनी सेवांचा विषय घेण्यालाच विरोध केला होता. मालाच्या बाजारपेठेतली सवलत दाखवून सेवांचे दार उघडून घेतले जाईल, ही त्यांची भीती होती आणि ती रास्त होती. शेवटी सेवांची बोलणी वेगळ्या मार्गाने चालवण्याची तडजोड झाली. करारात विकसनशील देशांचा सहभाग वाढवण्याचे कलम ४ आणि त्यांना लवचीकता देणारे कलम १९ आले.

खरी कसोटी लागते ती वचनांची अनुसूची, म्हणजे कोणती सेवा किती खुली करणार याची यादी, लिहिताना. गॅट्समध्ये देश ज्या क्षेत्रांची नावे लिहील त्यांतच बाजारप्रवेशाचे वचन लागू होते. अनेक नव्या द्विपक्षीय करारांत उलट पद्धत आहे: जे वगळले नाही ते सगळे खुले. तिथे एखादा नियम नोंदवायचा राहून गेला, किंवा उद्या जन्मणारी सेवा आज सुचली नाही, तर ते पुढे राखून ठेवण्याची संधी हातची जाते. शब्द किती महाग पडतात हे अमेरिकेलाही भोगावे लागले. तिच्या अनुसूचीतल्या ‘इतर मनोरंजन सेवा’ या नोंदीत जुगारही येतो, असा निर्णय अँटिग्वा व बार्बुडा या चिमुकल्या देशाच्या तक्रारीवर २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने दिला. २००७ मध्ये अँटिग्वाला वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत प्रतिकारात्मक कारवाईची, म्हणजे अमेरिकेला दिलेल्या सवलती रोखण्याची, मुभा मिळाली, पण एवढ्याशा बेटाने अमेरिकेवर कारवाई करून तिला वाकवणे शक्य नव्हते. चीनचा अनुभवही बोलका आहे. ध्वनिमुद्रणांच्या वितरणाचे त्याचे वचन इंटरनेटवरील वितरणालाही लागू पडते, असे २००९ मध्ये ठरले. दिलेले वचन मागे घ्यायचे तर गॅट्सच्या कलम २१ नुसार आधी नुकसानभरपाईची बोलणी करावी लागतात.

चौथ्या पद्धतीत कागदावरचा आकडा पुरत नाही. अमेरिकेने कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या ६५,००० एच-१बी व्हिसांचे वचन अनुसूचीत दिले आहे. तरी २०१५ च्या अखेरीस काही कंपन्यांवर ४,००० ते ४,५०० डॉलरचे जादा शुल्क बसले आणि २०१६ मध्ये भारताला जागतिक व्यापार संघटनेकडे जावे लागले. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्वयंपाकी, योगशिक्षक, शास्त्रीय संगीतकार अशांसाठी वर्षाला १,८०० जागा आहेत. भारताच्या आकारापुढे ही संख्या फारच लहान आहे.

व्हिसा मिळाला तरी पात्रतेचा प्रश्न उरतो. भारतात डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्या नोंदणीसाठी केंद्रीय कायदे आहेत, अभियंत्यांसाठी तसा कायदा नाही. समोरचा देश विचारतो, तुमच्याकडे अभियंत्याला परवाना कोण देते? नेमके उत्तर नसल्याने परस्पर मान्यतेचे करार अडतात. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा लाभ ठरावीक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनाच मिळतो. बडोद्यात १८९० च्या कलाभवनापासून तंत्रशिक्षण चालत आले आहे, पण परदेशी परवाना-मंडळापुढे ही परंपरा कामी येत नाही. ही उणीव आपल्या घरातली आहे आणि ती वाटाघाटीच्या टेबलावर भरून निघत नाही.

घरचा समन्वयही अवघड असतो. आरोग्य राज्यसूचीत, शिक्षण समवर्ती सूचीत; करारावर सही दिल्लीत होते आणि नियम गांधीनगरला बदलावे लागतात. सेवा-व्यापाराची आकडेवारी चारही पद्धतींनुसार वेगळी करून ठेवणारे विकसनशील देश थोडेच आहेत, त्यामुळे काय मागावे आणि काय द्यावे हे अनेकदा अंदाजाने ठरते. लहान देशांना तर शेती, मत्स्यव्यवसाय आणि सेवा या सगळ्या बैठकांना मोजकेच अधिकारी पुरवावे लागतात.

आयातीचा लोंढा आल्यास तात्पुरते दार लोटून घेण्याच्या तरतुदीची बोलणी गॅट्सच्या कलम १० नुसार तीन वर्षांत संपायची होती. ती अजून पूर्ण झालेली नाहीत. सर्वांत कमी विकसित देशांना सेवांत विशेष प्राधान्य देण्याची मुभा डिसेंबर २०११ मध्ये मिळाली, मात्र प्राधान्य द्यायचे की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. परवाने व पात्रतेच्या देशांतर्गत नियमांविषयी काही सदस्यांनी २०२१ मध्ये आपसांत शिस्त ठरवली. सर्वांच्या संमतीविना असे नियम करण्याला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी हरकत घेतली.