शल्य

शल्य (नपुंसकलिंगी) : बाणाचे टोक, बाणाच्या दांड्याला पुढे बसवलेले आणि अंगात घुसणारे पाते. या मूळ अर्थाने हा शब्द आज मराठीत कोणी वापरत नाही. बाणाच्या या भागाला आपण टोक म्हणतो, पाते म्हणतो, फार तर अणी म्हणतो. शल्य आपल्याला भेटते ते दुसरीकडेच : मनात रुतून बसलेल्या दुःखात, आणि लातूर, बीड, परभणी अशा कुठल्याही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ‘जिल्हा शल्य चिकित्सक’ या पाटीवर. मनातले दुःख आणि दवाखान्यातले पद यांना एकच शब्द कसा लागला, हाच या शब्दाचा इतिहास आहे.

बाणाच्या भागांची जुनी आणि नेमकी नोंद ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात येते. देवांनी एक बाण तयार केला. अग्नी त्याचे अनीक झाला, सोम शल्य, विष्णू तेजन आणि वरुण पर्णे. अनीक म्हणजे अगदी पुढची अणी, शल्य म्हणजे तिच्या मागचा पात्याचा भाग, तेजन हा दांडा आणि पर्णे म्हणजे मागची पिसे. अथर्ववेदात विष उतरवण्याचा मंत्र आहे. त्यात शल्यातले विष शब्दाने बाहेर काढल्याचे म्हटले आहे. टोकाला विष माखण्याची रीत तेव्हापासूनची. पुढे अणी आणि पाते यांतला बारीक भेद पुसला गेला आणि सबंध टोकालाच शल्य म्हणू लागले.

टोकांची इतर नावे पाहिली की शल्याचे वेगळेपण कळते. महाभारतातल्या युद्धवर्णनांत क्षुरप्र, भल्ल, नाराच, वत्सदंत, अर्धचंद्र, कर्णी अशी नावे सतत येतात. यांतली बहुतेक आकारावरून पडली आहेत. क्षुर म्हणजे वस्तरा, तेव्हा क्षुरप्राला वस्तऱ्याची धार. वत्सदंत वासराच्या दातासारखा. कर्णीला कानांसारखे मागे वळलेले आकडे, जे आत जाताना अडत नाहीत आणि बाहेर येताना मांस फाडतात. ही नावे बाण घडवणाऱ्याची आणि सोडणाऱ्याची आहेत. शल्य हे नाव मात्र हळूहळू ज्याला बाण लागला त्याच्या बाजूला गेले. भात्यातल्या बाणाला क्षुरप्र म्हणता येते, पण तो मांडीत मोडून राहिला की त्याचे शल्य होते.

युद्ध संपले तरी सोडणाऱ्याच्या बाजूची नावे संपली नाहीत. ती शेतात आली. क्षुरप्राचे पाली-प्राकृतात ‘खुरप्प’ झाले आणि मराठीत खुरपे. मराठवाड्यात कापूस-सोयाबीनच्या रानात आषाढ-श्रावणात बायकांची रांग खुरपणीला बसते, तेव्हा प्रत्येकीच्या उजव्या हातात हेच असते : लाकडी मुठीत ठोकलेले, पुढे वाकवलेले, जमिनीशी आडवे चालणारे पाते. संस्कृतातही क्षुरप्र शब्दाला बाण आणि गवत खुरपण्याचे हत्यार असे दोन्ही अर्थ होते; मराठीने दुसरा ठेवला. भल्लाचा भाला झाला. बाणाच्या पात्याला संस्कृतात ‘फल’ही म्हणत, आणि त्याच्या अगदी जवळचा ‘फाल’ म्हणजे नांगराचा फाळ. पेरणीआधी लोहाराच्या भात्यापुढे फाळ, वखराची पास आणि खुरपी पाजवायला येऊन पडतात. त्या ढिगातल्या निम्म्या नावांचे नाते धनुष्याशी आहे.

शल्याचे प्राकृतात ‘सल्ल’ झाले आणि मराठीत सल. हा सल कोणी पुल्लिंगी वापरतो, कोणी स्त्रीलिंगी. ‘मनातला सल’ आणि ‘मनातली सल’ दोन्ही ऐकू येतात. त्यावरूनच सलणे हे क्रियापद आले. आपण ते रोज वापरतो आणि बाण आठवत नाही, कारण आपल्या पायात बाण नसतो, बाभळीचा काटा असतो. काटा टोचला तर दुखतो, रुतला तर ठणकतो, पण मोडून आत राहिला तरच सलतो. मराठीतला हा फरक फार नेमका आहे. सलण्याला तीन गोष्टी लागतात : टोक बाहेरून आलेले असावे, ते आत राहिलेले असावे, आणि वरून दिसू नये. अनवाणी रानात फिरलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. संध्याकाळी उजेडात पाय धरून सुईने कातडे उकलायचे, टोक सापडले तर काढायचे. नाही सापडले तर त्या जागी बिब्ब्याचा चटका द्यायचा, ही खेड्यातली जुनी रीत. बिब्बा उतला तर काट्यापेक्षा मोठी जखम होते, हेही जुन्या माणसांना ठाऊक होते. टोक तसेच राहिले की भोवती कातडे घट्ट होते आणि त्याचे कुरूप बनते.

(दिसायला सारखे असलेले दोन शब्द इथे बाजूला ठेवावेत. सळई शलाकेवरून आली आहे, शल्यावरून नाही. आणि सल्ला अरबीतून आला आहे.)

या शब्दाला सर्वांत मोठा अर्थ दिला तो सुश्रुतसंहितेने. आयुर्वेदाच्या आठ अंगांत शल्यतंत्र पहिले, आणि सूत्रस्थानाचे २६ आणि २७ हे अध्याय केवळ शल्य ओळखणे आणि काढणे यांसाठी आहेत. तिथे शब्दाची फोड ‘शल’ म्हणजे वेगाने जाणे या धातूवरून केली आहे आणि व्याख्या अशी : सगळ्या शरीराला पीडा देते ते शल्य. या व्याख्येने दार एकदम उघडते. शल्य दोन प्रकारचे ठरते, शारीर आणि आगंतुक. दात, केस, नखे, बिघडलेले रक्त-मांसादी धातू आणि वात-पित्तादी दोष ही शरीरातलीच शल्ये. बाहेरून येऊन दुःख देते ते सगळे आगंतुक : लोखंड, बांबू, लाकूड, गवत, शिंग, हाड. पण एवढे व्यापक केल्यावरही ग्रंथकार मूळ विसरत नाही. तो म्हणतो, या सगळ्यांत लोखंड मुख्य, आणि लोखंडातही बाण मुख्य. कारण तो अडवता येत नाही, त्याचे तोंड बारीक असते आणि तो लांबून काम करतो. इतक्या थोड्या शब्दांत बाणाचे भय क्वचितच कोणी सांगितले असेल.

शल्य कुठे आहे हे शोधण्याच्या रीती वाचताना सुईने काटा शोधणारा हात आठवतो. कातडीखाली लपले असेल तर वरून थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावावा; ज्या जागी तूप लवकर विरघळते किंवा लेप लवकर वाळतो, तिथे शल्य. शिरांत किंवा स्नायूंत असेल तर रोग्याला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खडबडीत वाटेने वेगाने न्यावे. जिथे कळ उठेल तिथे शल्य. घट्ट न बसलेले शल्य काढण्याचे उपाय १५ आहेत. पिकवणे, चिरणे, दाबणे, धुणे, चोखणे हे कोणालाही सुचतील असे. लोखंडी शल्य आकडे नसलेले, कशात न अडकलेले आणि जखमेचे तोंड मोठे असलेले असेल तर अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक. फार घट्ट बसलेले असेल तर शल्याला दोरी बांधून ती घोड्याच्या लगामाला बांधावी आणि घोड्याला चाबूक मारावा, म्हणजे मान उसळताच शल्य उपटून येते. किंवा झाडाची मजबूत फांदी वाकवून तिला बांधावी आणि सोडावी. वरवर असेल ते आले त्या वाटेने मागे काढावे, खोल गेलेले पलीकडून बाहेर काढावे. आणि पंधरावा उपाय हर्ष. हृदयात बसलेले शोकाचे शल्य आनंदाने काढावे, असे शस्त्रक्रियेच्या ग्रंथात, चिरणे आणि चुंबकाच्याच यादीत, लिहिले आहे. मनातल्या दुःखाला शल्य म्हणणे ही पुढच्या कवींची कल्पना नव्हे. वैद्यांच्या यादीत ती तेव्हाच होती.

याच ग्रंथात १०१ यंत्रे सांगून त्यांत हात हे सर्वांत मुख्य यंत्र म्हटले आहे, आणि चिमट्यासारख्या यंत्रांत कंकमुख श्रेष्ठ, म्हणजे कंक पक्ष्याच्या चोचीसारखे : खोल जाते, पकडते आणि सहज परत येते. पोटात अडलेल्या मुलालाही इथे शल्य म्हटले आहे, आणि मूढगर्भाचे शल्य काढण्याइतके कठीण काम दुसरे नाही असे स्पष्ट सांगितले आहे. बाणाच्या टोकापासून निघालेला शब्द इथे बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोचतो.

या परंपरेचा मराठवाड्याशी थेट संबंध देवगिरीवरून येतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा २८ वा अध्याय शल्य काढण्याच्या विधीचा आहे आणि त्याची सुरुवातच शल्याच्या पाच गतींनी होते : वाकडी, सरळ, तिरपी, वर आणि खाली. यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. हेमाडपंत म्हणून आपण त्याला दगडी देवळांसाठी आणि मोडी लिपीसाठी ओळखतो. त्याच्या वैद्यकाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

अजिंठ्याच्या १० व्या लेण्यात बाणाच्या दोन कथा चित्रित आहेत आणि दोन्हींत बाण विषारी आहे. हे चैत्यगृह इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. दोन्ही जातके, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथा. छद्दंत जातकात राणीच्या हट्टासाठी शिकारी खड्ड्यात लपून सहा दातांच्या हत्तीला बाण मारतो. हत्ती त्याच्या अंगावरचे काषाय वस्त्र पाहून त्याला मारत नाही, उलट दात कापायला मदत करतो. श्याम जातकात आंधळ्या आई-बापांसाठी पाणी भरायला आलेल्या मुलाला राजाचा बाण लागतो, आणि आई-बापांच्या सत्यवचनाने विष उतरते. आपल्याकडच्या श्रावणबाळाच्या गोष्टीशी तिचे साम्य कोणालाही जाणवेल. फरक एवढाच की इथे मुलगा जगतो. १० व्या लेण्यातली चित्रे आज फार पुसट झाली आहेत, अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. हेच दोन विषय १७ व्या लेण्यात अधिक स्पष्ट दिसतात.

पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, सल्ल हा शब्द वारंवार येतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या वस्त्या-वस्त्यांतल्या विहारांत बुद्धवचने मराठीतून पोचली, त्यांत बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त अनेकांच्या तोंडी आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, मारणारा कोण, कोणत्या जातीचा, धनुष्य कसले, पिसे कोणत्या पक्ष्याची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. आणि ते कळायच्या आत मरतो. मज्झिमनिकायातल्या मूळ सुत्तात तो टोकाचा प्रकारही विचारतो : साधे सल्ल, की खुरप्प, की नाराच, की वच्छदंत, की कण्हेरीच्या पानासारखे? मारणाऱ्याच्या बाजूची सगळी नावे त्याला हवी आहेत, आणि अंगातले शल्य तसेच आहे. दोन बाजूंतला हा फरक बुद्धांनी जितका उघड केला तितका कोणी केला नाही. संयुत्तनिकायातले सल्लसुत्त त्याच्या पुढे जाते. शरीराचे दुःख हा एक बाण. त्यावर शोक करत राहणे हा आपणच ओढवून घेतलेला दुसरा बाण. सेलसुत्तात बुद्ध स्वतःला ‘सल्लकत्त’ म्हणवतात, म्हणजे शल्य काढणारा वैद्य.

जैनांनी शल्याचा अर्थ आणखी आत नेला. तत्त्वार्थसूत्रात ‘निःशल्यो व्रती’ असे सूत्र आहे : शल्य नसलेला तोच व्रती. शल्ये तीन, माया, मिथ्यात्व आणि निदान, म्हणजे कपट, खोटी श्रद्धा आणि व्रताच्या बदल्यात फळाची आस. उपवास केला तरी यांतले एक आत राहिले तर व्रत सलतच राहते.

महाभारतात शल्य हे मद्रदेशाच्या राजाचे नाव, नकुल-सहदेवांचा मामा. तो कर्णाचा सारथी झाला आणि रथावर बसून कर्णाला टोचून बोलत राहिला. नववे पर्व त्याच्याच नावाचे आहे. रामायणात हनुमान जी औषधी आणतो तिच्यात मृतसंजीवनीबरोबर विशल्यकरणी असते : अंगातले बाणाचे टोक बाहेर काढणारी. पैठणच्या एकनाथांच्या भावार्थ रामायणामुळे ही कथा मराठवाड्यात घरोघर गेली. वेशीवरच्या मारुतीच्या हातातल्या डोंगरात संजीवनी आहे हे सगळे सांगतात, विशल्यकरणीचे नाव मात्र क्वचित निघते. लक्ष्मणासाठी दोन्हींची गरज होती.

शब्दाचे आणखी दोन फाटे थोडक्यात. अंगावर काटे असलेल्या साळींदराला संस्कृतात शल्य, शल्यक म्हणत. साळ, साळू हे त्याच कुळातले. वास्तुशास्त्रात घराच्या जागेखाली पुरलेली हाडे, कोळसे, केस यांना शल्य म्हणतात आणि पाया खणण्याआधी ते काढून टाकण्याला शल्योद्धार. जमिनीलाही सल असू शकतो, ही कल्पना त्यामागे आहे.

आजच्या मराठीत शस्त्रक्रिया आणि शल्यक्रिया हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. बोलताना सगळे ऑपरेशनच म्हणतात. शस्त्रक्रियेत नाव हत्याराचे आहे, शल्यक्रियेत काढायच्या वस्तूचे, त्यामुळे दुसरा शब्द मला अधिक योग्य वाटतो. आयुर्वेद महाविद्यालयांत शल्यतंत्र हा विषय याच नावाने शिकवला जातो आणि नांदेड, धाराशिवच्या शासकीय महाविद्यालयांतले विद्यार्थीही तो शिकतात. जिल्हा शल्य चिकित्सकाच्या कामात आता रुग्णालयाचा कारभार, दाखले आणि खरेदी यांचा वाटा मोठा आहे, पण पदाचे नाव अजून बाणाचे टोक काढणाऱ्याचेच आहे.