प्लेलिस्ट चाळणे : फिल्टर, क्रमवारी आणि नियंत्रणे

इंटरनेटवर एका नावाखाली क्रमाने लावून ठेवलेल्या व्हिडिओंच्या यादीतून हवा तो व्हिडिओ शोधण्याची, नको ते बाजूला सारण्याची आणि सापडलेला व्हिडिओ आपल्या सोयीने पाहण्याची रीत. तिच्यात तीन निरनिराळ्या क्रिया येतात आणि बोलण्यात त्यांची सर्रास गल्लत होते. फिल्टर लावला की यादीतल्या काही नोंदी नजरेआड होतात, पण यादीतून जात नाहीत. क्रमवारी बदलली, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सॉर्ट’ केले, की नोंदी तेवढ्याच राहून त्यांच्या जागा बदलतात. थांबवणे, पुढे पळवणे, वेग वाढवणे, पुढच्या व्हिडिओवर उडी मारणे ही नियंत्रणे मात्र यादीला हात न लावता चालू असलेल्या व्हिडिओवर काम करतात.

प्लेलिस्ट हा शब्द रेडिओ केंद्रांतून आला. दिवसभरात कोणती गाणी कोणत्या क्रमाने लावायची याची ती यादी असे. कॅसेटच्या काळात आपल्याकडे दुकानात कागदावर गाण्यांची यादी लिहून देऊन साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेण्याची पद्धत होती. ती यादी एकदा भरली की क्रम कायमचा ठरे आणि मधले गाणे गाठायचे तर फीत अंदाजाने पुढे पळवावी लागे. १९९७ साली आलेल्या विनॲम्पसारख्या संगणकीय प्लेअरमुळे यादी आणि ध्वनी वेगळे झाले. यादी म्हणजे गाणी संगणकावर कुठे ठेवली आहेत त्या पत्त्यांची एक लहानशी फाइल उरली आणि क्रम हवा तेव्हा बदलता येऊ लागला. २००५ साली सुरू झालेल्या आणि पुढच्याच वर्षी गूगलने विकत घेतलेल्या यूट्यूबवर हीच कल्पना व्हिडिओंना लागू झाली. तिथल्या एका प्लेलिस्टमध्ये जास्तीत जास्त ५,००० व्हिडिओ राहू शकतात. दोन-तीन डझन नोंदींची यादी नुसती अंगठ्याने सरकवून पाहता येते, पण शेकड्यांच्या घरात गेली की चाळणीशिवाय ती हाताळता येत नाही.

फिल्टरमागची कल्पना संगणकाच्या बरीच आधीची आहे आणि तिच्यात एका भारतीय ग्रंथपालाचा मोठा वाटा आहे. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करताना १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती मांडली. पुस्तकाला एकाच कप्प्यात कोंबण्याऐवजी विषय, स्थळ, काळ अशा वेगवेगळ्या बाजूंनी त्याचे वर्णन करावे आणि त्या बाजू एकमेकींशी जोडून त्याची जागा ठरवावी, हा तिचा गाभा. आज आपण एखाद्या संकेतस्थळावर ‘मराठी’, ‘वीस मिनिटांपेक्षा जास्त’, ‘या वर्षीचे’ अशा तीन खुणा एकापाठोपाठ करतो तेव्हा नेमके हेच करत असतो. प्रत्येक खूण ही एक बाजू आणि तिन्हींत बसेल तेवढेच समोर येते. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयांत ज्यांनी कार्डांचे खण उघडून पुस्तके शोधली आहेत, त्यांना या पद्धतीची मर्यादाही ठाऊक असेल. शोधणाऱ्याला पुस्तकातला मजकूर दिसत नाही, फक्त कार्डावर लिहिलेले दिसते. कार्ड भरणाऱ्याने विषय चुकीचा टाकला तर पुस्तक फडताळात असूनही वाचकाच्या लेखी नसते.

व्हिडिओच्या बाबतीत हे कार्ड दोन प्रकारच्या माहितीचे बनते. लांबी, चढवल्याची तारीख, किती वेळा पाहिला गेला, चित्राची स्पष्टता, उपशीर्षके आहेत की नाहीत, ही माहिती यंत्र स्वतः नोंदवते आणि ती सहसा चुकत नाही. शीर्षक, वर्णन आणि प्लेलिस्टचे नाव माणूस लिहितो, आणि सगळा घोळ तिथे होतो. लांबीनुसार किंवा तारखेनुसार लावलेला फिल्टर भरवशाचा असतो. विषयानुसार शोधताना मात्र शीर्षक लिहिणाऱ्याच्या काळजीवर विसंबावे लागते.

यूट्यूबवर सर्वांत दांडगे फिल्टर शोधपेटीशी जोडलेले आहेत. प्रकार, लांबी, चढवल्याचा काळ आणि उपशीर्षकांसारख्या सोयी यांनुसार तिथे निकाल गाळता येतात, आणि प्रकारात ‘प्लेलिस्ट’ निवडले तर सुट्या व्हिडिओंऐवजी तयार याद्याच समोर येतात. ही सोय फार कमी लोक वापरतात. प्रत्यक्ष प्लेलिस्टच्या आत फिल्टर मोजकेच मिळतात, त्यांतला मुख्य म्हणजे नेहमीचे व्हिडिओ आणि शॉर्ट्स, म्हणजे अगदी छोटे उभे व्हिडिओ, वेगळे करण्याचा. ‘नंतर पाहा’ या यादीत पाहून झालेले व्हिडिओ काढून टाकण्याचे बटण आहे. त्याला फिल्टर समजून दाबणारे पुष्कळ असतात. वास्तविक ते त्या नोंदी यादीतून पुसते आणि परत आणण्यासाठी एकेक व्हिडिओ पुन्हा शोधावा लागतो.

क्रमवारीचा प्रश्न याहून त्रासदायक आहे, कारण तिचा अधिकार बघणाऱ्याकडे नसून यादीच्या मालकाकडे असतो. मालकाला हाताने क्रम लावता येतो, किंवा जोडल्याची तारीख, प्रसिद्धीची तारीख व लोकप्रियता यांपैकी एक कसोटी निवडता येते. नवा व्हिडिओ यादीच्या माथ्यावर जोडला जावा अशीही एक सेटिंग आहे, आणि शिकवणीच्या याद्यांमध्ये तिने चांगलाच गोंधळ माजवलेला दिसतो. चाळिसावा पाठ वर आणि पहिला तळाला, असा उलटा ढीग होतो. एक पाठ संपला की यंत्र आपोआप त्याच्या आदल्या पाठाकडे जाते. अशा वेळी चॅनेलच्या ‘व्हिडिओ’ विभागात जाऊन ‘सर्वांत जुने’ हा क्रम निवडणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. हा पर्याय मध्यंतरी काढून टाकण्यात आला होता आणि २०२३ मध्ये परत आला.

मराठी याद्यांच्या काही अडचणी लिपीतूनच निघतात आणि त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. यादीच्या पानावर एखादा शब्द शोधण्याची घरगुती युक्ती म्हणजे संगणकावर कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबणे. ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकित करून शोधले आणि काहीच सापडले नाही, तरी तो शब्द डोळ्यांसमोर दिसत असतो, असा अनुभव अनेकांना येतो. याचे कारण असे की हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सांकेतिक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा नुक्त्याच्या ऱ पासून आणि एकदा साध्या र ला हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षरांचे सांकेतिक क्रमांक ताडून पाहणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. आणखी एक मेख अशी की लांबलचक यादी पानावर एकदम उतरत नाही, खाली सरकवू तशी टप्प्याटप्प्याने उतरते. त्यामुळे न उतरलेल्या नोंदींत ही युक्ती शोधूच शकत नाही. आधी तळापर्यंत जावे आणि मगच शोधावे.

नावानुसार क्रम लावण्याची सोय सगळीकडे नसते. जिथे असते तिथे वर्णमाला आडवी येते. मराठी शब्दकोशात ळ, क्ष आणि ज्ञ हे ह नंतर येतात. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसलेला आहे, तर क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र जागाच नाही. ते अनुक्रमे क आणि ज पासून जोडून तयार होतात. यंत्राला मराठीचा क्रम वेगळा शिकवलेला नसेल, तर ‘ज्ञानेश्वरी’ची निरूपणे यादीच्या शेवटी शोधणाऱ्याला सापडत नाहीत. ती ‘ज’च्या घरात जाऊन बसलेली असतात. आकड्यांचेही तसेच आहे. नुसती अक्षरे ताडणाऱ्या क्रमवारीत ‘भाग १०’ हा ‘भाग २’च्या आधी लागतो, आणि निम्म्या शीर्षकांत देवनागरी व निम्म्यांत इंग्रजी आकडे असले तर एकाच मालिकेचे दोन तुकडे पडतात. ‘भाग ०१’, ‘भाग ०२’ असे शून्य लावून लिहिणे एवढ्यानेही बरेच काही सावरते, परंतु शीर्षक लिहिण्याच्या घाईत ते कोणाला सुचत नाही. विषय रोमन लिपीत लिहिण्याची सवय हा त्यावरचा कळस. ‘इतिहास’ असा देवनागरीत शोध घेणाऱ्याला रोमन शीर्षकांचे पाठ दिसतीलच याचा भरवसा नसतो.

हे सगळे एका उदाहरणात पाहणे सोयीचे होईल. ठाण्यात महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे आणि या परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. समजा, अशी एक विद्यार्थिनी वाशीला राहते आणि २००४ साली सुरू झालेल्या ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गाने रोज ठाण्याला येते. सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव असा हा सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास. तिच्याकडे राज्यघटनेवरची १४० व्हिडिओंची प्लेलिस्ट आहे. त्यांत पंचेचाळीस मिनिटांचे पाठ आहेत, एकेका मिनिटाचे शॉर्ट्स आहेत आणि मधूनच थेट प्रक्षेपणात घेतलेली शंका-निरसनाची सत्रेही आहेत. आधी ती शॉर्ट्स बाजूला काढते. मग शीर्षकांवरून मूलभूत हक्कांचे पाठ हेरून स्वतःच्या वेगळ्या यादीत जोडते आणि त्यांचा क्रम हाताने लावते, कारण दुसऱ्याच्या यादीचा क्रम तिला बदलता येत नाही. गाडीत बसल्यावर ती वेग दीडपट करते. पंचेचाळीस मिनिटांचा पाठ त्यामुळे बरोबर तीस मिनिटांत बसतो आणि ठाण्याच्या फलाटावर गाडी लागता लागता संपतो. यातला फिल्टर एका बोटाचा आहे, वेगाचे नियंत्रणही एका बोटाचे. खरी मेहनत मधल्या टप्प्यात झाली, जिथे यंत्राला दिसत नसलेली विषयवार विभागणी तिला डोळ्यांनी करावी लागली.

नियंत्रणांपैकी थांबवणे व चालू करणे सर्वांच्या परिचयाचे आहे. मोबाइलवर पडद्याच्या उजव्या किंवा डाव्या अंगाला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ दहा सेकंद पुढे किंवा मागे जातो. संगणकावर हेच काम एल आणि जे या कळा करतात, के ही कळ व्हिडिओ थांबवते, आणि शिफ्टसोबत एन किंवा पी दाबले की यादीतला पुढचा किंवा मागचा व्हिडिओ लागतो. आकड्यांच्या कळा व्हिडिओच्या दशांशांवर नेतात, म्हणजे पाच दाबले की बरोबर मध्यावर. लांब व्हिडिओत प्रकरणे पाडलेली असतील तर वेळपट्टीवर त्यांचे तुकडे दिसतात. ती हाताने पाडायची तर चढवणाऱ्याने वर्णनात वेळा लिहाव्या लागतात. पहिली वेळ शून्यापासून सुरू व्हावी, किमान तीन प्रकरणे असावीत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचे असावे, एवढ्याच अटी आहेत. दोन-तीन तासांच्या कीर्तनात पूर्वरंग संपून आख्यान कुठे सुरू होते हे अशा एका ओळीने कळते, तरीही ती ओळ क्वचितच लिहिलेली सापडते.

घरातल्या टीव्हीवर चित्र पुन्हा बदलते. रिमोटच्या चार बाणांनी फिरायचे असल्याने तिथे कळांची ही सगळी श्रीमंती उपयोगाची नाही, आणि मराठीत टंकन करणे तर जिकिरीचेच. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या घरात आजींना संध्याकाळी हरिपाठ लावून द्यायचा असेल तर नातवंडे मोबाइलवर यादी उघडून ती टीव्हीवर पाठवतात. फिल्टर आणि क्रम मोबाइलवर ठरतो आणि टीव्ही नुसता वाजतो. इथे दोन बटणांकडे लक्ष द्यावे लागते. शफल चालू राहिले तर अभंगांचा क्रम विस्कटतो. ऑटोप्ले चालू राहिला तर यादी संपल्यावर यंत्र स्वतःच्या पसंतीचे काहीतरी लावते, आणि हरिपाठामागोमाग एखादी आरडाओरड्याची बातमी सुरू झाली की आजींच्या हाती रिमोट असूनही त्यांना ती बंद करणे सुचत नाही. यादीच्या आवर्तनाचे बटण दाबून ठेवले तर शेवटानंतर पुन्हा पहिला अभंग लागतो.

यादी दुसऱ्याला पाठवताना दुव्याकडे नीट पाहावे. यादीतून उघडलेल्या व्हिडिओच्या पत्त्यात व्हिडिओची खूण वेगळी आणि यादीची खूण वेगळी असते. दुसरी खूण गळाली की व्हॉट्सॲपवर दुवा मिळालेल्या माणसाला एकच व्हिडिओ दिसतो आणि यादीचा पत्ताच लागत नाही. यादी सार्वजनिक, दुवा असणाऱ्यांपुरती किंवा खासगी, अशा तीन प्रकारे ठेवता येते. खासगी ठेवलेल्या यादीचा नुसता दुवा पाठवून उपयोग नसतो.

दुसऱ्याची यादी आपल्याकडे जतन केली तरी तिची नक्कल होत नाही, फक्त तिच्याकडे बोट दाखवणारी खूण राहते. मालकाने एखादा व्हिडिओ काढला किंवा खासगी केला तर यादीतली ती नोंद लपवली जाते, आणि वर लिहिलेली संख्या व खाली मोजलेल्या नोंदी जुळेनाशा होतात. अनुपलब्ध व्हिडिओ दाखवण्याचा पर्याय निवडला की ती नोंद परत दिसते, पण करड्या चौकटीसह आणि मूळ नावाशिवाय. काय गेले हे तिच्यावरून कळत नाही. ज्याने पाठांची नावे वहीत उतरवून ठेवलेली असतात, त्याला तेवढे नाव घेऊन तोच पाठ दुसऱ्या चॅनेलवर शोधता येतो.