पार्श्वभूमी : पाळलेला मासा, पकडलेला मासा

२०२२ सालची जागतिक आकडेवारी हाती आली तेव्हा तिच्यातील एका वाक्याचा सर्वत्र बोलबाला झाला : पाण्यातून मिळणाऱ्या प्राण्यांच्या एकूण उत्पादनात पाळलेल्यांचा वाटा प्रथमच पकडलेल्यांपेक्षा अधिक ठरला. संवर्धनातून ९ कोटी ४४ लाख टन आणि मासेमारीतून सुमारे ९ कोटी १० लाख टन, म्हणजे ५१ टक्के विरुद्ध ४९. लागवड केलेल्या समुद्री शैवालाचे सुमारे ३ कोटी ६५ लाख टन यात धरलेले नाहीत. हा टप्पा कसा गाठला गेला हे सांगताना बहुतेक जण चीनमधील प्राचीन तळ्यांपासून निघतात आणि मजल दरमजल करत आजपर्यंत येतात. या टिपणात तो प्रवास लवकर आटोपला आहे, कारण या ५१ टक्क्यांचा इतिहास प्रामुख्याने गेल्या सत्तर वर्षांतला आहे, आणि त्यातला बराचसा तळ्यांत व पिंजऱ्यांत घडला असला तरी काही भाग आकडेवारीचे रकाने आखणाऱ्यांच्या टेबलावरही घडला आहे.

जुन्या काळाविषयी इतके नोंदवणे पुरे. कार्प माशाच्या संगोपनावरचा एक चिनी प्रबंध ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला मानला जातो. इटलीच्या किनाऱ्यावर रोमन लोक ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात कालवे (ऑयस्टर शिंपले) वाढवत होते. मध्य युरोपात मठांच्या आणि सरदारांच्या तळ्यांत कार्प पाळला जाई; बोहेमियातील सर्वांत मोठे तळे १५८४ ते १५९० या काळात बांधले गेले. तांग राजघराण्याच्या आडनावाचा उच्चार कार्पच्या चिनी नावासारखाच असल्याने तो मासा निषिद्ध ठरला आणि त्यामुळे चिनी शेतकरी एकाच तळ्यात इतर जातींचे मासे एकत्र वाढवू लागले, असे सांगतात. बंदीच्या नोंदी आहेत. तिच्यामुळेच मिश्र संवर्धन जन्माला आले, हा कार्यकारणभाव मात्र जरा जास्तच सोयीचा वाटतो. चीन आणि युरोप या दोन्हीकडे सुरुवात कार्पपासूनच व्हावी याचे कारण अगदी साधे आहे. कॉमन कार्प हा मासा साचलेल्या पाण्यात, पाणवनस्पतींना चिकटवून अंडी घालतो, त्यामुळे त्याचे बीज, म्हणजे पिल्ले, तळ्यातच तयार होते.

इतर जातींचे तसे नव्हते, आणि आधुनिक मत्स्यशेतीची खरी अडचण तिथेच होती. कटला, रोहू, मृगळ किंवा चिनी चंदेरा आणि गवत्या हे कार्पवर्गीय मासे तळ्यात झपाट्याने वाढतात, माद्यांच्या पोटात अंडीही भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती अंडी बाहेर पडत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून शतकानुशतके पावसाळ्यात नद्यांच्या कडेला बारीक जाळी लावून मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्ले, गोळा केले जाई. त्यात हव्या त्या जातींबरोबर त्यांना खाऊन टाकणाऱ्या माशांची पिल्लेही येत, आणि कोणते काय हे बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) मोठी होईपर्यंत कळत नसे. ट्राउटच्या बाबतीत हा प्रश्न तुलनेने लवकर सुटला होता. मादीचे पोट हळुवार दाबून अंडी काढायची आणि त्यांवर नराचे रेत मिसळायचे, ही रीत जर्मन भूमीत १७६०च्या दशकात छापून प्रसिद्ध झाली, विस्मृतीत गेली, फ्रान्समध्ये १८४०च्या दशकात पुन्हा सापडली आणि १८५२ मध्ये तिथे मोठे सरकारी उबवणी केंद्र उभे राहिले. पण ती रीत आपोआप पक्व होणाऱ्या माशालाच लागू पडते.

कार्पवर्गीय माशांसाठी तोड निघाली ती मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीतून. १९३०च्या दशकात दक्षिण अमेरिकेत या ग्रंथीचा अर्क टोचून मासे विणवण्यात यश आले. भारतात १९५७ मध्ये आणि चीनमध्ये १९५८ मध्ये आपापल्या प्रमुख कार्प जाती अशा रीतीने विणवल्या गेल्या. काम दिसायला अगदीच साधे होते. पक्व माशाच्या कवटीचा वरचा भाग कापायचा, मेंदू बाजूला सारून दाण्याएवढी ग्रंथी चिमट्याने उचलायची आणि अल्कोहोलमध्ये ठेवायची. वेळ येताच ती खलात घोटून त्या अर्काचे इंजेक्शन संध्याकाळी मादीला द्यायचे, सुमारे सहा तासांनी दुसरे द्यायचे, त्याच वेळी दोन नरांना एकेक द्यायचे आणि तिघांना तळ्यात बांधलेल्या कापडी हाप्यात, म्हणजे पेटीच्या आकाराच्या कापडी जाळ्यात, सोडायचे. पहाटेपर्यंत हाप्याच्या तळाशी पाणी शोषून फुगलेल्या, पारदर्शक मण्यांसारख्या अंड्यांचा थर जमलेला असे. एका मादीपासून लाखांनी अंडी मिळतात. नदीवरचे अवलंबन एका हंगामात संपले असे नव्हे, पण ते संपू शकते हे सिद्ध झाले, आणि आज जगातील पाळीव माशांत कार्पवर्गाचा जो मोठा हिस्सा दिसतो त्याचा पाया याच दोन वर्षांत घातला गेला. सामन (सॅल्मन) माशाचे पिंजरे छायाचित्रांत अधिक देखणे दिसत असल्यामुळे हे श्रेय फारसे कोणी देत नाही.

बीजाचा प्रश्न इतर जीवांबाबतही असाच एकेक करून सुटत गेला. कोळंबीच्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवण्याचे काम जपानमध्ये १९३०च्या दशकात झाले. नोरी या शैवालाचे बीज उन्हाळ्यात जाते कुठे हे शेतकऱ्यांना कळत नव्हते. १९४९ मध्ये एका ब्रिटिश महिला शास्त्रज्ञाने दाखवून दिले की शिंपल्याच्या कवचात शिरून वाढणारी, वेगळीच वनस्पती समजली गेलेली लालसर बुरशीसारखी वाढ हीच नोरीची दुसरी अवस्था आहे. त्यानंतर टाक्यांत शिंपल्या टांगून बीज तयार करणे सुरू झाले आणि दैवाधीन पीक हुकमी झाले.

नॉर्वेची कथा बहुतेकांना ठाऊक असल्याने ती येथे विस्ताराने देत नाही. १९७० मध्ये समुद्रातील तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात सामन वाढवणे जमले, चाळीसहून अधिक नद्यांतील सामन गोळा करून निवड पैदास सुरू झाली, १९७३ मध्ये परवाना पद्धत आली. एका मालकाकडे एकच शेत राहावे आणि किनाऱ्यावरची गावे टिकावीत, असा त्या परवान्यामागचा हेतू होता. १९९१ मध्ये मालकीची ही अट सैल करण्यात आली आणि पुढे मोजक्या कंपन्यांच्या हाती बहुतेक परवाने गेले. मात्र त्याच काळातील एक गोष्ट निर्विवाद जमेची आहे : १९८७ च्या सुमारास तिथे वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरली जात होती, ती लसी आल्यानंतर काही वर्षांतच टन-दोन टनांवर आली, आणि उत्पादन तर वाढतच राहिले.

कोळंबीत नेमके उलटे घडले. वेगाने पैसा देणारे, किनाऱ्यालगतचे निमखारे पीक म्हणून १९८०च्या दशकात तिचा विस्तार झाला, खारफुटी तोडून तळी खोदली गेली, आणि दाटी वाढताच रोग आले. तैवानमधील उत्पादन १९८७-८८ मध्ये कोसळले. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशिया आणि १९९९ मध्ये इक्वेडोर गाठले. टायगर कोळंबीच्या माद्या समुद्रातून पकडून आणल्या जात आणि रोग त्यांच्याबरोबर हॅचरीत येई. पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त वाढवलेली, ठरावीक रोगांपासून मुक्त अशी व्हनामी कोळंबी आशियात पसरली ती या कारणाने.

आता ज्या शब्दावर हा सारा हिशेब उभा आहे त्याकडे वळू. १९८४ पूर्वी पाळलेले आणि पकडलेले यांची जागतिक नोंद एकत्रच होत असे. देशांकडून संवर्धनाची वेगळी माहिती मागवली गेली ती १९८४ च्या उत्पादनापासून. १९५० पर्यंतचे मागचे आकडे नंतर अंदाजाने भरून काढण्यात आले. त्यामुळे ‘१९५० मध्ये संवर्धनाचे उत्पादन दहा लाख टनांहूनही कमी होते’ असे जे ठामपणे सांगितले जाते, तो मागाहून लावलेला हिशेब आहे. स्वतंत्र रकाना आला की त्याची व्याख्या लागते, आणि ती १९८८ मध्ये ठरली. तिच्यात दोन अटी होत्या. पहिली हस्तक्षेपाची : बीज सोडणे, खाद्य देणे, भक्षकांपासून राखण करणे असे काहीतरी माणसाने केले पाहिजे. दुसरी मालकीची : वाढीच्या संपूर्ण काळात तो जीव कोणा व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या मालकीचा असला पाहिजे, सार्वजनिक संपत्ती म्हणून परवान्याने वा परवान्याविना जे काढले जाते ते मासेमारीच्या रकान्यात जाईल.

पहिल्या अटीवर वाद नव्हता. दुसरीने मात्र जी गुंतागुंत करून ठेवली ती आजही सुटलेली नाही. अलास्कात १९९० पासून माशांची शेती कायद्याने बंद आहे, पण तिथल्या उबवणी केंद्रांतून दरवर्षी शंभर कोटींहून अधिक सामन पिल्ले समुद्रात सोडली जातात. अंडी माणसाने फलित केलेली, पिल्ले टाकीत वाढवलेली, खाद्य हाताने दिलेले. तरी मासा परत येऊन कोळ्याच्या जाळ्यात सापडला की तो ‘नैसर्गिक मासेमारीचे’ उत्पादन म्हणून नोंदला जातो, कारण समुद्रात असताना तो कोणाचाच नसतो. जपानमधील होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर तळाशी पेरलेल्या स्कॅलप शिंपल्याही मासेमारीत मोडतात. जलाशयात बोटुकली सोडून जो मासा सर्वांसाठी खुला ठेवला जातो, त्याचेही तेच. याउलट भूमध्य समुद्रात किंवा दक्षिण ऑस्ट्रेलियात ट्यूनाचा जंगली थवा वेढा जाळ्यात घेऊन, तो तरंगत्या पिंजऱ्यात वळवून, कासवगतीने किनाऱ्याकडे ओढत आणला आणि काही महिने खाऊ घालून पुष्ट केला, की तो ‘पाळलेला’ होतो. पकडतानाचे वजन मासेमारीत आणि पिंजऱ्यात वाढलेले वजन शेतीत घालावे, ही विभागणी कागदावर चोख आहे. पण पोहणाऱ्या ट्यूनाला पकडताना तराजूवर ठेवणार कोण?

मालकीची अट निरर्थक होती असे म्हणता येणार नाही. मासा आपला नसेल तर त्याच्यावर खाद्याचा खर्च कोणी करणार नाही, त्याच्या तारणावर कर्ज मिळणार नाही आणि चोरी झाली तर तक्रारही करता येणार नाही. परंतु ही अट शेतीच्या एका विशिष्ट कल्पनेतून आली, जिच्यात कुंपण आणि सातबारा आधी आणि पीक नंतर येते. आग्नेय ऑस्ट्रेलियात आदिवासींनी लाव्हाच्या खडकांतून चर आणि बांध काढून ईल माशांना अडवण्याची, राखण्याची आणि हवे तेव्हा काढण्याची व्यवस्था सुमारे ६,६०० वर्षांपूर्वी उभी केली. २०१९ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तो देताना तिचे वर्णन मत्स्यसंवर्धनाची जगातील अतिप्राचीन व्यवस्था असेच केले गेले. १९८८ च्या कसोटीवर मात्र ती बहुधा उतरली नसती, कारण तो मासा समूहाचा होता आणि तो वाढे पाणथळीत. मराठीत हा घोळ अधिक वाढतो. ‘मत्स्यव्यवसाय’ या शब्दात दोन्ही मावतात, ‘मत्स्यपालन’ हा पशुपालनाच्या धर्तीवरचा आणि ‘मत्स्यशेती’ जमिनीच्या धर्तीवरचा. ‘मत्स्यसंवर्धन’ म्हणजे वाढवणे की जपणे हे संदर्भ पाहूनच ठरवावे लागते, आणि शिंपल्या-शैवाल यांना तर यांपैकी एकही शब्द नीट बसत नाही.

तेव्हा ५१ टक्क्यांमधला तो एक टक्का व्याख्येच्या कडेवर बसलेला आहे. अलास्का आणि होक्काइदो यांचे उत्पादन संवर्धनाच्या बाजूला टाकले असते तर हा टप्पा कदाचित आधीच गाठला गेला असता. माणसांच्या खाण्यापुरते पाहिले तर तो २०१४ मध्ये गाठल्याचे सांगितले गेलेही होते. मोजमापाच्या आणखीही खोचा आहेत. कालवे आणि शिंपल्या यांचे वजन कवचासकट धरतात, शैवालाचे ओले. चीनने २००६ च्या कृषिगणनेनंतर आपले उत्पादनाचे आकडे दहा टक्क्यांहून अधिक खाली आणले, आणि जगातील पाळीव उत्पादनाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच देशातून येत असल्यामुळे जगाचा आलेखही त्याबरोबर वाकला.

‘पाळलेला’ मासा समुद्रावरचा भार हलका करतो का, हा वाद खाद्यावरून पेटला. १९९० मध्ये नॉर्वेच्या सामनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक मासळीची भुकटी आणि तेल यांचे होते, आणि ती भुकटी समुद्रातून पकडलेल्या लहान माशांपासून बनत असे. २०१३ पर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आले, कारण सोयाबीन आणि वनस्पती तेल स्वस्त पडू लागले. समुद्राची काळजी हे त्यातले दुय्यम कारण होते. आक्षेप घेणारे मात्र बहुधा सामन आणि कोळंबीपुरतेच बोलतात. चंदेरा मासा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, गवत्या गवत खातो आणि शिंपलीला कोणी खायला घालतच नाही, त्यामुळे एकूण उत्पादनाच्या मोठ्या भागाला हा आक्षेप लागूच पडत नाही.

बीजाचा प्रश्न अजून न सुटलेल्यांत ईल हा ठळक आहे. त्याची पिल्ले खोल समुद्रात जन्मतात आणि काचेच्या धाग्यांसारखी पारदर्शक होऊन नदीमुखांशी येतात. एका किलोत ती हजारोंनी बसतात. जपानमध्ये २०१० मध्ये प्रयोगशाळेत जन्मलेल्या ईलपासून पुढची पिढी मिळवण्यात यश आले, पण तळ्यांत भरली जाणारी पिल्ले आजही जवळपास सगळी नदीमुखांवर पकडलेलीच असतात. युरोपीय ईलच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००९ पासून निर्बंध आहेत आणि युरोपीय संघाबाहेर त्याची निर्यात २०१० च्या अखेरीपासून बंद आहे. त्यानंतर या पिल्लांची तस्करी सुटकेसांतून होऊ लागली. ती पिल्ले ज्या तळ्यात सोडली जातात त्या तळ्यातून निघणारा ईल, व्याख्येप्रमाणे, संवर्धनाच्या रकान्यात मोजला जातो.