बक्षीसपत्र केलं की घर कायमचं गेलं?

‘हयातीत घर मुलांच्या नावावर केलं की आपले हात कापले गेले’ हा समज अर्धाच खरा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे करायचा.

मेख अटीत आहे. बक्षीसपत्राच्या नेहमीच्या छापील मसुद्यात ‘प्रेमापोटी’ एवढंच असतं. २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांभाळण्याची अटच नसल्यामुळे कलम लागू होत नाही, असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात मात्र कायद्याचा उदार अर्थ लावून आईला मालमत्ता परत दिली. तिथे सांभाळण्याचं लेखी वचन देणाऱ्या मुलाच्या वचनपत्राचा आधार होता. न्यायालयाच्या उदारपणावर म्हातारपण सोपवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

मुलांपुढे हा विषय काढायला जड जातं, मान्य. तरी राहण्याचा हक्क, औषधपाणी, सोबत कोण राहणार हे बोलून दस्तातच लिहून घ्या. संकोच फारच असेल तर मृत्युपत्र करा. शुद्धीत असेपर्यंत ते केव्हाही बदलता येतं.