सांडा

अ‍ॅगॅमिडी कुलातील, कोरड्या प्रदेशात बिळे करून राहणारा सरडा. शास्त्रीय नाव सारा हार्डविकाय. जातिनाम ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्गअभ्यासक टॉमस हार्डविक यांच्यावरून दिलेले आहे. प्रसार मुख्यतः थरचे वाळवंट, कच्छ आणि पाकिस्तानातील लगतचा शुष्क भाग येथे. काही सूचींत अफगाणिस्तानचाही उल्लेख असतो. तो सावधपणे घ्यावा. मोकळ्या वाळूपेक्षा बीळ टिकेल अशी घट्ट जमीन त्याला मानवते.

शरीर जाड व चपटे, डोके आखूड, तुंड (मुस्कट) बोथट. नर शेपटीसह सु. ४० ते ४९ सेंमी.; मादी लहान. पाठ पिवळसर करडी, तिच्यावर गडद ठिपके, पोट फिकट. मांडीच्या पुढच्या बाजूस काळसर डाग असतो, ही ओळखीची खूण. गारव्यात कातडी गडद होते व ऊन खाल्ल्यावर उजळते. बोटे आखूड, नख्या बळकट. पालीप्रमाणे शेपटी तुटून पडत नाही. धोका दिसताच सांडा बिळात शिरतो आणि काटेरी शेपटीने तोंड अडवतो.

वर्गीकरणाबाबत मतभेद आहेत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये वर्णिलेली ही जाती दीर्घकाळ यूरोमॅस्टिक्स प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडत असे. माल्कम स्मिथ यांच्या १९३५ च्या भारतीय सरीसृपांवरील ग्रंथातही ती तेथेच आहे. २००९ मध्ये विल्म्स व सहकाऱ्यांनी सारा हे ग्रे यांचेच जुने प्रजातिनाम पुन्हा वापरात आणले व तिच्यात तीन जाती ठेवल्या. प्रमुख आधार शेपटीच्या खवल्यांचा: सारामध्ये वरच्या बाजूस काटेरी वलयांच्या दरम्यान बारीक, बिनकाट्यांच्या खवल्यांच्या ओळी येतात, यूरोमॅस्टिक्समध्ये वलये एकमेकांना लागून असतात. रेणवीय (डीएनएच्या) पुराव्यानेही ही विभागणी बळावते, म्हणून येथे ती स्वीकारली आहे. जुन्या नोंदी चाळताना मात्र दोन्ही नावे पाहावी लागतात.

आहार प्रामुख्याने पाने, फुले, बिया. कीटक अधूनमधून, विशेषतः पिलांकडून. हिवाळा बिळात सुप्तावस्थेत जातो. वसंतात मीलन, मादी जमिनीखाली अंडी घालते.

शेपटीच्या बुडाशी साठणाऱ्या चरबीचे ‘सांड्याचे तेल’ काढण्यासाठी त्याची हत्या होते. तेलाच्या औषधी गुणांना शास्त्रीय आधार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने त्याची शिकार व व्यापार दोन्ही निषिद्ध आहेत.