बॅकअप सर्व्हरच्या काळ्या स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटली तर

(आमच्याकडून बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरचा सर्व्हर बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

टाइप करावं एक आणि कन्सोलमध्ये (म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवर) उमटावं भलतंच, ही तक्रार कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांपासून शहरातल्या पतसंस्थांपर्यंत सगळीकडून येते. आधी एक सांगतो : सर्व्हर बिघडलेला नसतो आणि व्हायरसही शिरलेला नसतो. कोणत्या बटणाचा अर्थ काय, यावर तुमच्या पीसीवरचं पुटी (सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्राम) आणि पलीकडचं लिनक्स (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) यांचं जमलेलं नसतं, एवढंच. रात्रीचा बॅकअप त्यामुळे अडत नाही.

धोका आहे तो वैतागून एंटर मारण्यात. ओळीचा असा गोंधळ झाला की सर्व्हरकडे नेमकं काय जाणार हे नुसतं बघून कळत नाही. पर्ज ही कमांड तर नोंदी किती दिवस ठेवायच्या याची ठरलेली मुदत न बघताच कॅटलॉगमधून, म्हणजे बॅकअपच्या नोंदवहीतून, नोंदी काढून टाकते. म्हणून शंका आली की कंट्रोल धरून यू दाबा, सगळी ओळ पुसली जाईल. बॅक्युला काही विचारत असेल आणि मधूनच बाहेर पडायचं असेल, तर नुसतं एक टिंब देऊन एंटर करा. तो ती कमांड सोडून देतो.

सगळ्यात जास्त फोन बॅकस्पेसचे. अक्षर पुसायला जावं तर टोपीचं चिन्ह आणि एच, पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. बॅकस्पेससाठी कुठे ८ हा कोड धरलेला असतो, कुठे १२७. पुटीमध्ये टर्मिनलखाली कीबोर्ड उघडा. तिथे बॅकस्पेसचे हेच दोन पर्याय आहेत, निवडलेला सोडून दुसरा घ्या. मग सेशनवर परत येऊन आपल्या सर्व्हरचं नाव निवडा आणि सेव्ह करा. हे सेव्हच राहून जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला पुन्हा फोन!

बाणाची बटणं दाबल्यावर चौकटी कंस आणि ए, बी उमटत असतील तर पुटीला हात लावू नका. तुमचं कन्सोल रीडलाइनशिवाय, म्हणजे टाइप केलेली ओळ बाणांनी दुरुस्त करू देणाऱ्या सोयीशिवाय, चाललंय. आरएलरॅप नावाचं छोटं साधन बसवलं की मागच्या कमांडही बाणाने परत येतात. ते आम्ही बसवून देतो.

सभेची नोटीस मराठीत टाइप केली आणि कीबोर्ड तसाच मराठीवर राहिला, हेही नेहमीचंच. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. सेटिंग जुळत नसेल तर एका चिन्हाच्या जागी दोन-तीन विचित्र अक्षरं दिसतात, आणि पुसताना एकच बाइट जाऊन उरलेले दोन न दिसता ओळीत राहतात. विंडोज बटण आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा, आणि पुटीत विंडोखालच्या ट्रान्सलेशनमध्ये यूटीएफ-८ निवडा. रिस्टोअर करताना (बॅकअपमधून फाइल परत आणताना) फाइलचं मराठी नाव वेडंवाकडं दिसलं तरी घाबरू नका. बहुतेक वेळा गडबड फक्त दिसण्यात असते.

व्हॉट्सॲपवर आलेली कमांड थेट पेस्ट करू नका. वाटेत कुठे साध्या अवतरणचिन्हांची वळणदार झाली असतील तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, बॅक्युलाला मात्र कळतो. शिवाय दोन ओळी एकदम पेस्ट केल्या तर पहिली लगेच चालू होते, थांबवायला वेळच मिळत नाही. आधी नोटपॅडमध्ये टाकून चिन्हं नीट करा, मग एकेक ओळ घ्या.

सगळी स्क्रीनच रेघा-चौकोनांनी भरली तर कन्सोलमधून बाहेर पडून रिसेट टाइप करा. एंटरही चालत नसेल तर त्याऐवजी कंट्रोल आणि जे. अक्षरंच उमटायची थांबली असतील तर कंट्रोल आणि क्यू दाबून बघा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं की स्क्रीन गोठते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात बॅकअपचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण ऐन रिस्टोअरच्या वेळी ओळ बिघडली तर एकट्याने झटापट करू नका. खिडकी तशीच उघडी ठेवा, मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवा, आणि शेवटचं कोणतं बटण दाबलं होतं ते सांगा. पासवर्ड मात्र फोटोत येऊ देऊ नका.