खंबातच्या आखातातले भोवरे: एका अभ्यासाची पार्श्वभूमी

बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत जाते आणि मही नदीच्या मुखाशी सोडले जाते. आपली विश्वामित्रीही ढाढर नदीला मिळून त्याच आखातात उतरते. म्हणून खंबातच्या आखातात पाणी कसे फिरते हा प्रश्न, शहरातून समुद्र दिसत नसला तरी, बडोदेकरांचाही आहे.

शाळेच्या भूगोलात महासागरांचे मोठे प्रवाह शिकवतात. किनाऱ्यालगतचे, काहीशे मीटरांपासून काही किलोमीटरांपर्यंतचे भोवरे त्यात नसतात. गाळ कुठे बसेल, सांडपाणी कुठे घुटमळेल, माशांची पिल्ले कुठे अडकतील, हे मात्र बरेचसे हेच भोवरे ठरवतात.

या पाण्याची दहशत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचच्या बंदराकडे येताना भरतीचा लोंढा जहाजे कशी उलथवतो, याचे वर्णन आहे. राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या नावा घेऊन सामोरे जात आणि परकी जहाजे ओढत, ठरलेल्या जागी थांबवत आत आणत. कुठल्या घटकेला कुठे पाणी फिरते हे त्या कोळ्यांना पाठ असणार; माझ्या मते या अभ्यासाचे पहिले जाणकार तेच. पुढे कंपनीच्या आरमारातले लेफ्टनंट एथर्सी यांनी मही आणि साबरमतीच्या मुखांशी उसळणाऱ्या या लोंढ्यावर लेख लिहिला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात तो १८३८ मध्ये आला.

आखात उत्तरेकडे निमुळते आणि उथळ होत जाते, त्यामुळे भावनगरपाशी भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांच्या आसपास जातो. कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराला जाणाऱ्यांनी हे पाहिले आहे. ओहोटीला शिवलिंगापर्यंत चालत जावे आणि काही तासांत तेच देऊळ पाण्याखाली जावे! काठावर जरा थांबून पाहावे: पाणी आधी चिखलातल्या घळींमधून आडवे शिरते आणि वाटेतल्या दगडामागे फेस गोल फिरू लागतो. पिरमसारखे बेट किंवा एखादे भूशिर आडवे आले की हेच मोठ्या प्रमाणावर घडते. काठाजवळचे पाणी घर्षणाने रेंगाळते, बाहेरचे धावते आणि मधल्या पट्ट्याला पीळ बसतो. चहा ढवळल्यावर चहापूड कपाच्या मधोमध जमते, तशी अशा भोवऱ्याच्या तळाशी वाळू केंद्राकडे सरकते. ओहोटीला प्रवाह उलटला की भोवरा आडोशाच्या दुसऱ्या बाजूला तयार होतो.

मोजमापाची सुरुवात मात्र साधी होती. लुईस रिचर्डसन आणि हेन्री स्टॉमेल यांनी स्कॉटलंडमधल्या एका खाडीत पार्सनिप या कंदाचे तुकडे सोडले. ते जेमतेम तरंगतात, त्यामुळे वारा त्यांना ढकलत नाही, आणि पांढुरके असल्याने दिसतातही. तुकड्यांमधले अंतर जितके जास्त, तितके ते आणखी झपाट्याने दुरावतात, असे त्यांना दिसले. १९४८ मध्ये छापलेला तो छोटा निबंध आजही वाचनीय आहे. पाणी वेगवेगळ्या आकारांच्या भोवऱ्यांनी मिसळते, हे त्यातून इतके स्वच्छ कळते!

१९५५ मध्ये न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बी यांनी लाटांवरून परतणाऱ्या रेडिओ लहरींचे कोडे उलगडले. परतलेल्या लहरीच्या कंप्रतेतल्या फरकावरून पाण्याचा वेग काढता येतो. किनाऱ्यावरून अशा लहरी सोडणाऱ्या एका रडार केंद्राला पाणी आपल्याकडे येते की दूर जाते एवढेच कळते, म्हणून केंद्रे जोडीने लागतात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने देशाच्या किनाऱ्यांवर अशा जोड्या उभारल्या. आपल्या आखातासाठीची जोडी सौराष्ट्राकडे जेग्रीला आणि दक्षिण गुजरातेत वांसी-बोरसीला आहे.

तरीही या रडारच्या नकाशाचा एकेक चौकोन काही किलोमीटरांचा असतो. त्याहून लहान भोवरा त्यातून निसटतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला अमेरिका-फ्रान्सचा ‘स्वॉट’ उपग्रह समुद्राची पातळी आजवर कधी नव्हती इतक्या बारकाईने मोजतो, पण त्याची फेरी २१ दिवसांची आणि आपले पाणी सहा तासांत उलटे फिरते. म्हणून तरंगते मापक हवेतच. मेक्सिकोच्या आखातात २०१६ मध्ये कुजून जाणारे सुमारे हजार मापक सोडले गेले. आपल्याकडे ते ओहोटीला चिखलात रुततील ही अडचण खरी, पण सारोदच्या तोंडाशी उधाणाला आणि भांगेला (भरती सर्वांत लहान असते तेव्हा), दोन्ही वेळा असे मापक सोडल्याशिवाय आपल्या शहराचे पाणी शेवटी जाते कुठे ते कळायचे नाही.